चौदा आरसे

जुन्या बाजारात, बुधवारी,
नळाच्या तोट्या, बंद पडलेली मनगटी घड्याळं
आणि नुसत्या डाव्या पायांच्या बुटांशेजारी
तबकड्यांची एक चळत होती.
भजनं, नाट्यपदं, बडबडगीतं,
आणि मधेच
चार गोरी पोरं, अरुंद टाय, आखूड पँटी,
ओल्या भिंतीला टेकून उभी,
लग्नाला बोलावून
कुणी जेवायला वाढायचं विसरावं तशी.

बागवान म्हणाला, तीनशे.
मी म्हणाले, ओरखडा आहे.
तो म्हणाला, ओरखडा फुकट.

बँडचं नाव, द सॅटर्डे कॉलर्स.
अल्बमचं, नो ओव्हरटाइम.
मागच्या बाजूला निळ्या शाईत
सिरिल रिबेलो, ईस्ट स्ट्रीट, १६ मे ८१,
त्याखाली कॉन्व्हेंटच्या वाकड्या देवनागरीत:
परत कर, सदा.

सदाने केली नव्हती, हे उघडच.

मी ती गाण्यांसाठी घेतली नाही.
पोरांच्या पुढ्यात एक स्कूटर होती
आणि तिला आरसे फुटले होते
कढीपत्त्याच्या डहाळीला पानं फुटावीत तसे,
हँडलला, गार्डला,
एका आरशाच्या दांडीतून दुसरा.

बाबांनी आकुर्डीला, लाइनीवर,
एकवीस वर्षं आरसे लावले.
स्कूटरला एक. उजवीकडचा.
वॉशर, नट, पान्याचे दीड फेरे, पुढची.
आमच्या स्वतःच्या स्कूटरचा आरसा
मी सातवीत असताना फुटला
तो फुटलाच.

त्यांनी कव्हर खिडकीत धरलं,
चष्मा कपाळावर नेला,
करंगळीच्या नखाने मोजत गेले.
चौदा, म्हणाले.
मग चहा निवेपर्यंत काही नाही.
मग:
एवढं मागचं बघून करायचंय काय त्याला?
आणि थोड्या वेळाने, काळजीने,
नट ढिले होणार. चिंचवड येईस्तोवर
निम्मे गळतील.

तपकीर गल्लीत मेघश्यामने
मामांचा जुना प्लेअर उघडला, फुंकला,
सुई मिळाली, पट्टा मिळेना,
तेव्हा कॅसेटचे दोन पट्टे जोडून बसवले.
फिरेल, म्हणाला, पण घाईत फिरेल.

गाणी मुळातच घाईची,
अडीच मिनिटांच्या वर एक नाही,
आता तर पाठीमागे कुत्रं लागलेली.
गिटार म्हणजे पत्र्यावर पत्रा.
शब्द मला निम्मे कळले,
बाबांना एकही नाही. ते आपले सोफ्याच्या कडेवर,
बँकेत नंबर यायचाय असे बसलेले.

तिसऱ्या गाण्यात तो फुकटचा ओरखडा आला.
पोरगा एका वारावर अडकला,
मंडे मंडे मंडे मंडे

बाबा खदखदून हसले.
हे कळलं, म्हणाले.

आई आतून ओरडली, अगं सुई उचल,
वरचे लिमये आता खाली येतील.
मी उठले, आणि थांबले.
कारण बाबांचा उजवा हात मांडीवर होता
आणि अंगठा नि दोन बोटं
त्या अडकलेल्या ठेक्यात
हवेतला एक नट आवळत होती,
दीड फेरे, पुढची,
दीड फेरे, पुढची.
चेहऱ्याला त्याचा पत्ता नव्हता.
चेहरा टीव्हीच्या दिशेला, टीव्ही बंद.

मी मोजले नाहीत. चौदाच्या खूप वर गेले असावेत.

ईस्ट स्ट्रीटला जाऊन आले पुढच्या शनिवारी.
त्या नंबरवर आता चष्म्यांचं दुकान आहे.
रिबेलो? मालकाने मान हलवली,
आणि माझ्या नंबरची चौकशी केली.

घरी आले तर तबकडी टेबलावर,
कव्हर पालथं,
परत कर, सदा, याच्या खाली
हजेरीपटावरच्या त्या सुबक बॉलपेनी अक्षरात
एक ओळ जास्तीची:

ऐकून झाली की देतो.
ग. रा. खैरमोडे, टोकन नं. ४११७.